कानामागचं हाड

डाव्या कानाने मला आता मोठ्याच गोष्टी ऐकू येतात:
कुकर, फटाके, सोसायटीची मीटिंग.
एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर
कॉम्प्रेसर रूममध्ये उभा होतो,
कानात कापसाचा बोळा घालून.
तरी कुंदाने मलाच पाठवलं.
"न वाजणारं खोकं बघून आण."

जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली हार्ड डिस्क
रुमालात गुंडाळली, रुमाल स्टीलच्या डब्यात,
डबा मांडीवर धरून ऐरोलीहून वाशीला निघालो,
पोळीभाजी नेतात तसा नव्हे,
रक्ताचा नमुना नेतात तसा.
आत एकशे बारा धवले आहेत.
गोठिवली, तळवली, रबाळे, दिवागाव,
शाळा सुटली की कुंदा घरोघर जायची,
म्हाताऱ्या धवलारणींकडून गाऊन घ्यायची.
त्यातल्या नऊजणी आता नाहीत.
आणि प्रत एकच.
हे दुकानात सांगितलं नाही, लाज वाटली.

तौसिफने काउंटरवर पाच खोकी मांडली.
पहिल्यात पंखा, आगपेटीएवढा.
"अंकल, थंडा रहेगा."
राहील की. पण दोन वर्षांनी त्याचं बेअरिंग
तांदूळ दळायला लागेल, तेव्हा?
दुसरं प्लास्टिकचं, इतकं हलकं
की डिस्क फिरली तर टेबलालाही घेऊन फिरेल.
तिसऱ्याचा निळा दिवा डोळ्यांत जाणारा,
आम्ही एकाच खोलीत झोपतो आणि काम करतो.

मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.
टोक खोक्यावर, मूठ कानामागच्या हाडावर.
मोटरचं दुखणं असंच ऐकतात.
कान जातो, हाड बहिरं होत नाही.
तौसिफ हसला, मग गप्प झाला,
मग म्हणाला, "मेरेको दो ना एक बार."

चौथं ॲल्युमिनियमचं, अंगावर पन्हळी, पंखाच नाही.
आत रबराच्या चार बारीक टोप्या,
स्क्रू घट्ट बसतो तरी धातूला धातू लागत नाही.
मागे खरोखरचं बटण.
दहा मिनिटं काम नसलं की डिस्क आपोआप थांबते.
केबल वीस वेळा हलवली, संपर्क सुटला नाही.
तासभर चालू ठेवून पाठ चाचपली:
ताप नाही, कसर म्हणावी इतकंच.
दोन हजार तीनशे. मी घासाघीस केली नाही.

रात्री कुंदाने हेडफोन लावला, वही उघडली,
आणि पाच मिनिटांत म्हणाली,
"घरघर आहेच."

खोकं जाड पुस्तकावर ठेवलं. मग टॉवेलच्या घडीवर.
मग दोन्ही तळव्यांत धरून बसलो
पाखरू धरल्यासारखा.
तळव्यांना काही नाही.
हाडाला काही नाही, एक सपाट, निरोगी फिरकी.

तिने धवला थांबवला. घरघर थांबली.
खोकं फिरतच होतं.

तिने हेडफोन माझ्या उजव्या कानाला लावला.
गोठिवली. बामीबाईचं घर. दुपार असावी.
टेबलफॅन मान वळवत तिकडे जातो, परत येतो,
जाताना एका जागी थोडा अडखळतो.
इतकी वर्षं जुन्या कॉम्प्युटरच्या घरघरीखाली
ही दुसरी घरघर दडून बसली होती.
मग बांगड्या, खोकला, आणि बामीबाई:
"यो पंका बंद कर गो, माजा धवला मोरतं."

खट्.

त्यापुढे गाणं लगेच नाही.
कोणीतरी श्वास घेतं, कागद चाळतं.
कोण गं हे?
"मीच. पेन सापडत नव्हतं."

सकाळी अडॅप्टरवर मार्करने लिहिलं:
बारा व्होल्ट. याच खोक्याचा. दुसऱ्याला लावू नये.
मग परत वाशी.
तौसिफ, तसंच अजून एक दे,
आणि आत घालायला नवी डिस्क.
प्रत एकच आहे,
हे या वेळी सांगून टाकलं.